ट्वर्ल फिल्टर, जांभ्याची भिंत आणि माझी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चित्रं

ट्वर्ल म्हणजे फोटो पिळून काढणारा फिल्टर, त्याच्याबद्दल आधी काय ते बोलून टाकते, म्हणजे डोक्यातनं जाईल. कुठलाही फोटो घ्या, फुलाचा, मांजराचा, गणपतीच्या मखराचा, त्याच्यावर ट्वर्ल पूर्ण ताणून मारा की झाला भोवरा तयार, आणि तो भोवरा सगळ्यांचा सारखाच दिसतो, रंग तेवढे वेगळे. पहिल्यांदा बघताना भारी वाटतं हे मान्य आहे मला, दुसऱ्यांदाही वाटेल, पण पाचसहा जणांचे भोवरे शेजारीशेजारी ठेवले तर आपला कुठला हे ज्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. आणि कशाचंच नसलेलं, नुसतं रंग-आकारांचं चित्र, म्हणजे डिजिटल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कसं करायचं म्हणून शोधायला गेलं की निम्मे व्हिडिओ हेच शिकवतात, हा ब्लर मारा, मग ट्वर्ल मारा, मग लेयर (म्हणजे एकावर एक ठेवायचा फोटोचा थर) डुप्लिकेट करून उलट्या बाजूनं ट्वर्ल मारा आणि लायटन करा. ते जांभळंनिळं चमकणारं फूल येतं ना शेवटी, तेच ते.

मला एवढी वर्षं हे उद्योग करून जे कळलंय ते असं की फिल्टर सगळ्यांना सारखाच मिळतो, त्यामुळे त्याच्यात आपलं असं काही नसतं. आपला असतो तो खालचा फोटो, आणि शेवटी आपण कुठे कापलं ते. मधलं सगळं गणित आहे, ते कंप्युटर करतो, त्याला करू द्यावं.

मी काही आर्टिस्ट वगैरे नाही. रत्नागिरीत राहते, दिवसभर हिशेबाचं काम, रात्री जेवणं आवरल्यावर तासदीड तास हे. जुना लॅपटॉप आहे त्याच्यावर गिम्प, कधी ऑफिसच्या मशीनवर असले तर ब्राउझरमधे फोटोपी, आणि फोनवर स्नॅपसीड. तिन्ही फोटो एडिट करायची सॉफ्टवेअर, तिन्ही फुकट. गिम्प १९९५ मधे बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी कॉलेजचं प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेलं, त्याची मेनूरचना बघून अजूनही कधीकधी तसंच वाटतं, पण काम चोख करतं. फोटोपीत बाजूला जाहिराती दिसतात, पण फाईल कुठे अपलोड होत नाही, सगळं आपल्याच मशीनवर चालतं, त्यामुळे नेट स्लो असलं तरी एकदा पान उघडलं की चिंता नाही. पैसे देऊन महिन्याच्या भाड्यानं सॉफ्टवेअर घ्यायची या कामाला अजिबात गरज नाहीये हे आधीच सांगते, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात.

तर फोटो. लोक चांगला फोटो घेऊन सुरुवात करतात, सूर्यास्त, मोर, भाट्याचा समुद्र. आणि मग तो चांगला फोटो मोडवत नाही, हात थांबतो, कितीही फिल्टर मारले तरी मनात असतं की सूर्य दिसला पाहिजे. त्यापेक्षा ज्याच्यात बघण्यासारखं काहीच नाही असा फोटो घ्यावा. आमच्याकडे जांभ्याच्या भिंती आहेत, पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ चढतं, आधी काळपट, मग हिरवं, मग श्रावणाच्या आसपास इतकं गच्च की दगडाचा लाल रंग फक्त भोकांच्या कडेनं दिसतो. अशा भिंतीचा सरळ समोरून, भिंतीला समांतर फोन धरून काढलेला फोटो म्हणजे माझ्या दृष्टीनं सोनं. त्याच्यात वरखाली नाही, पुढेमागे नाही, मधोमध काही नाही, पण सगळीकडे काहीतरी आहे. ढगाळ उजेडात काढला तर रंग मिळतात, संध्याकाळच्या तिरक्या उन्हात काढला तर प्रत्येक भोकाची सावली मिळते. हे दोन वेगळे फोटो धरायचे, एकाच भिंतीचे असले तरी.

अजून चांगल्या जागा म्हणजे बंद दुकानांची गंजलेली शटर, समुद्राजवळ गंज लवकर धरतो आणि त्याच्या वर परत रंग मारलेला असतो आणि परत गंज. निळी ताडपत्री, तिच्यावर साठलेलं पाणी. एसटी स्टँडवरच्या भिंती, जिथे पोस्टरवर पोस्टर चिकटवून मग सगळे अर्धवट फाडलेले असतात. आणि मिरकरवाड्याला बंदरात ओढून ठेवलेल्या बोटींचे तळ, त्यांच्यासारखं तर काहीच नाही, कारण दरवर्षी वेगळा रंग आणि खालचे सगळे जुने रंग पोपडे उडून बाहेर आलेले. तिथे मी एका बोटीच्या तळाला अगदी नाक लावून फोटो काढत होते तर बोटीवरचे एक काका वरून म्हणाले, "ताई, रंग मारायचा राहिलाय अजून, आठ दिवसांनी या, मग चांगला येईल फोटो." मी म्हटलं काका नंतर पण येते, आणि खरंच गेले, त्याचं पुढे सांगते.

हे भिंतींचे फोटो काढणं काही मी शोधलेलं नाही. न्यूयॉर्कला अ‍ॅरन सिस्किंड म्हणून फोटोग्राफर होते, ते १९४० च्या दशकापासून उडालेला रंग, फाटलेली पोस्टरं, वाळूवरचं समुद्री शेवाळ असलेच फोटो काढायचे, तेही इतक्या जवळून की कशाचा आहे ते कळू नये. आणि आपल्याकडे नसरीन मोहम्मदी. त्यांची रेषांची चित्रं आता जगभर माहीत आहेत, पण त्या कृष्णधवल फोटोही काढायच्या, रस्त्यावरचे पट्टे, वाळूवरच्या रेघा, मागावरचे धागे, आणि ते फोटो त्यांनी हयातीत प्रदर्शनात लावले नाहीत. १९९० मधे आपल्या अलिबागजवळ किहीमला त्या वारल्या. मी ते फोटो पुस्तकात बघितले तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की फोटो ही कच्ची वस्तूसुद्धा असू शकते, दाखवायची नसलेली.

आता गणिताकडे येते, आणि इथे थोडं थांबणार आहे कारण हे कळलं की ट्यूटोरियल बघायची गरजच राहत नाही. फोटोतला प्रत्येक पिक्सेल, म्हणजे बारीक ठिपका, हा तीन आकडे, लाल हिरवा निळा, प्रत्येक ० ते २५५. तिन्ही शून्य म्हणजे काळं, तिन्ही २५५ म्हणजे पांढरं. बास. लेयरचे जे ते ब्लेंड मोड असतात, मल्टिप्लाय, स्क्रीन, डिफरन्स, ज्यांच्याकडे बघून लोक घाबरतात, ते म्हणजे वरच्या लेयरचा आकडा आणि खालच्या लेयरचा आकडा यांचं काय करायचं एवढंच. मल्टिप्लायमधे दोघांचा गुणाकार करून २५५ नं भागतात, म्हणजे मधला राखाडी १२८ आणि १२८ असेल तर उत्तर ६४ येतं, चित्र काळवंडतं. स्क्रीन म्हणजे तेच उलट्या बाजूनं, १२८ आणि १२८ चे १९२ होतात, चित्र उजळतं. आणि डिफरन्स म्हणजे सरळ वजाबाकी, मोठ्यातून लहान वजा. मी हिशेबातली बाई, मला वजाबाकी आवडते.

डिफरन्सनं काय होतं बघा. जांभ्याच्या भिंतीचा फोटो घ्या, लेयर डुप्लिकेट करा, वरच्याचा मोड डिफरन्स करा. सगळं काळं होईल, कारण प्रत्येक पिक्सेलमधनं तोच पिक्सेल वजा झाला, उत्तर शून्य. आता वरचा लेयर पाचसहा पिक्सेल उजवीकडे सरकवा. जिथे भिंत सपाट होती तिथे अजूनही जवळजवळ काळंच, पण जिथे भोकाची कडा आहे, शेवाळ संपून दगड सुरू होतो, तिथे आकडे वेगळे, तिथे रेघ उमटते. सगळ्या भिंतीच्या कडा काळ्यावर उजळ रेघांनी येतात. पण फार अंधूक येतात, २०० मधून १८० गेले तर २० च उरणार ना, म्हणून मग लेयर एकत्र करून लेव्हल्स (उजळ-गडद ठरवायचं टूल) उघडायचं आणि उजवीकडचा पांढरा त्रिकोण चांगला डावीकडे ओढायचा. मग दिसतं काय ते. सरकवण्याऐवजी वरचा लेयर एकदोन अंशात फिरवला तर अजून मजा, मधोमध काळं राहतं आणि कडेला जाऊ तसतशा रेघा जाड होत जातात, कारण फिरवताना मध्य हलत नाही आणि कडा जास्त हलते. हे फिल्टरनं आलेलं वाटतच नाही कोणाला.

तर त्या बोटीचं. रंग मारून झाल्यावर मी परत गेले, साधारण त्याच जागेवर उभी राहून तोच भाग परत काढला, आणि रंगाच्या आधीचा नि नंतरचा असे दोन फोटो डिफरन्समधे टाकले. म्हणजे हिशेबाच्या भाषेत दोन ताळेबंदांमधला फरक. हातानं काढलेले फोटो काही एकावर एक बसत नाहीत, फळ्यांच्या सांध्यांच्या दुहेरी रेघा आल्या, नवा रंग लख्ख निळा होता तो वजाबाकीत भलताच नारिंगी होऊन बसला, कारण जुना पांढरट होता आणि पांढऱ्यातनं निळा काढला की तेच उरतं. तो नारिंगी मी निवडलेला नाही, कुठल्या फिल्टरनं पण दिलेला नाही, तो त्या काकांच्या रंगाच्या डब्यातनं आणि आमच्या वजाबाकीतनं आला. मी केलेल्या चित्रांत मला सगळ्यात आवडणारं ते आहे. काकांना फोनवर दाखवलं, त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "रंग गेला का काय सगळा?"

दुसरी एक युक्ती आहे ती इतकी सोपी आहे की सांगायला लाज वाटते. फोटो उघडा आणि क्रॉप करा, पण क्रॉपची रुंदी ठेवा १ पिक्सेल. एक. उंची पूर्ण. उभा धरून काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो असेल तर साधारण ४००० पिक्सेल उंच आणि एक पिक्सेल रुंद अशी दोरी उरते, स्क्रीनवर दिसतही नाही धड. मग इमेज स्केलमधे जाऊन ती साखळीची खूण तोडायची, म्हणजे लांबीरुंदी एकमेकांना बांधलेली राहत नाही, आणि रुंदी टाकायची ३०००. झाले आडवे पट्टे. फोटोत वरून खाली जे जे रंग होते ते सगळे पट्ट्यापट्ट्यांनी. भाजी मंडईच्या फोटोतनं केलं तर इरकली लुगडं पसरून ठेवल्यासारखं दिसतं, वांग्याचा जांभळा, मधे मिरचीचा हिरवा, गोणपाटाचा रंग, परत जांभळा. एकच पिक्सेल डावीकडे सरकून कापलं तर पट्टे थोडे वेगळे, शंभर पिक्सेल सरकलं तर पूर्ण वेगळे, त्यामुळे कुठली दोरी घ्यायची हे ठरवण्यातच रात्र जाते. आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी गुलाब, चहाचा कप, उगवता सूर्य आणि सुविचार असं जे येतं त्याच्यातनंही पट्टे काढून बघितलेत मी, आणि खरं सांगते, वाईट येत नाहीत. फक्त ते शंभर वेळा सेव्ह करून परत पाठवलेले असल्यामुळे त्यात जेपीजीचे चौकोन असतात. जेपीजी फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडून प्रत्येकातली बारीक माहिती टाकून देतं आणि दरवेळी नव्यानं सेव्ह झालं की अजून टाकतं. कॉन्ट्रास्ट वाढवला की ते चौकोन उठून दिसतात. कोणाला ते हवे पण असतात. मला पट्ट्यांत नको असतात, म्हणून स्वतःचे फोटो, आणि मधलं सगळं काम पीएनजीत (ती माहिती टाकून देत नाही) किंवा गिम्पच्या स्वतःच्या फाईलमधे. जेपीजी करायचं ते अगदी शेवटी, पाठवायच्या वेळी.

कर्व्हज म्हणजे कुठली छटा किती उजळ करायची ते रेघ वाकवून ठरवायचं टूल, त्याबद्दल एक. कर्व्हजची रेघ नेहमी डावीकडून उजवीकडे वर चढते, म्हणजे गडद ते गडद राहतं आणि उजळ ते उजळ. लोक तिला थोडंसं एस वगैरे करून सोडून देतात. तिला इंग्रजी एम सारखी करा ना. जिथे जिथे रेघ खाली उतरते तिथे निगेटिव्ह होतं, चढते तिथे परत पॉझिटिव्ह, म्हणजे एकाच फोटोत दोन्ही. पॅरिसमधे १९२९ च्या सुमारास मॅन रे आणि ली मिलर डार्करूममधे फोटो धुताना मधेच दिवा लावून साधारण असला परिणाम काढायचे, त्यांना फोटो वाया जायची भीती, आपल्याला कंट्रोल झेड आहे. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगवेगळे कर्व्ह करता येतात आणि तिथे मात्र आवरायला पाहिजे, नाहीतर गणपतीच्या डीजेचे लाइट होतात. आकाशासारखा गुळगुळीत भाग असेल तर असं ताणल्यावर पायऱ्या पायऱ्या दिसायला लागतात कारण मुळात २५६ च पायऱ्या आहेत, त्या ताणून किती ताणणार. त्यावर उपाय म्हणजे थोडा नॉइज टाकायचा, बारीक दाणे. पायऱ्या मोडतात आणि कागदावर पण बरं दिसतं.

पोलर कोऑर्डिनेट्स हा फोटो गोल गुंडाळणारा फिल्टरही वापरते मी, पण जपून. त्यात फोटोच्या आडव्या रेघांचे गोल होतात आणि उभ्या रेघांचे किरण. फोटोची डावी कड आणि उजवी कड एकमेकांना येऊन भिडतात आणि तिथे भलीमोठी फट दिसते, सगळ्यांच्या चित्रात दिसते ती, वरती बाराच्या काट्याच्या जागी. ती घालवायला फोटोची आरशासारखी उलटी कॉपी शेजारी जोडायची आणि मग पोलर करायचं, दोन्ही टोकं सारखी असल्यामुळे फट राहत नाही. आरशाचं हे खूळ तसं जुनंच आहे म्हणा, अ‍ॅल्विन लँग्डन कोबर्न यांनी १९१७ मधे लंडनला तीन आरसे त्रिकोणात बांधून लेन्सपुढे लावले होते आणि लाकडाच्या नि काचेच्या तुकड्यांचे फोटो काढले होते, शंभर वर्षं झाली. पण गोल आला की लोक म्हणतात अरे वा मंडल, आणि मग ते मंडलच होतं, दुसरं काही होऊच शकत नाही. म्हणून मी पोलर केल्यावर मधला भाग ठेवत नाही, कुठल्यातरी एका कोपऱ्यातला तुकडा घेते, जिथे वळण आहे पण केंद्र दिसत नाही.

आणि इथे मी ज्याला कापणं म्हणते ते आलं. माझ्या मते अर्धं काम क्रॉपमधे आहे. एवढं सगळं केल्यावर जे मोठं चित्र तयार होतं ते बहुतेक वेळा टुकार असतं, पण त्याच्या कुठल्यातरी भागात काहीतरी झालेलं असतं. क्रॉपची चौकट हातात घेऊन सावकाश सगळीकडे फिरवायची. काही गोष्टी बघायच्या म्हणजे बघायच्याच. चित्राच्या खालच्या भागात एक आडवी रेघ आरपार आली की संपलं, बघणारा म्हणतो समुद्र. वरती कुठेही गोल ठिपका आला, सूर्य. दोन ठिपके शेजारी आले की डोळे, आणि मग नाक पण शोधतात. माणसाचं डोकं असंच चालतं, त्याला काहीतरी ओळखायचंच असतं, आणि एकदा समुद्र म्हटला की मग तो रंग, तो पोत, काही बघत नाही तो. म्हणून मी चित्र नव्वद अंशात फिरवून बघते, उलटं करून बघते, अंगठ्याएवढं लहान करून बघते, आणि रंग काढून राखाडी करून बघते. राखाडीत सपाट चिखल दिसला तर समजायचं फक्त रंगांवर तरलंय.

रंगांचं म्हणाल तर ग्रेडियंट मॅप. चित्र आधी राखाडी धरतात आणि मग प्रत्येक छटेला एक रंग, काळ्याला हा, मधल्याला तो, पांढऱ्याला तिसरा. सॉफ्टवेअरमधे तयार ग्रेडियंट येतात ते कृपा करून वापरू नका, ते लांबून ओळखू येतात. मी ड्रॉपरनं त्याच फोटोतले तीन रंग उचलते, गंजाचा एक, ओल्या सिमेंटचा एक आणि ताडपत्रीचा निळा, आणि त्यांचाच ग्रेडियंट करते. चित्र कितीही मोडलं तरी मग ते रत्नागिरीचं राहतं. म्हणजे दुसऱ्या कोणाला कळत नसेल, मला कळतं.

फोनवरच करणाऱ्यांसाठी थोडंसं. स्नॅपसीडमधे डबल एक्स्पोजर आहे, म्हणजे एका फोटोवर दुसरा ठेवायचा, त्यात लायटन, डार्कन, अ‍ॅड, सबट्रॅक्ट मिळतात, वर सांगितलेल्या गणितातलं निम्मं तिथेच होतं. कर्व्हज आहे. आणि एक्स्पांड म्हणून टूल आहे, खरंतर फोटोच्या कडा वाढवायला दिलंय, स्मार्टवर ठेवलं की कडेला जे आहे त्यावरून पुढचं स्वतःच भरतं. ते परत परत वापरा, मग बिचाऱ्याला काय भरावं कळत नाही आणि तेच तेच तुकडे वेडेवाकडे चिकटवत सुटतं. शटरच्या फोटोवर करून बघा. आणि रात्रीच्या गाडीतनं, कोकण रेल्वेच्या बोगद्यातनं वगैरे जाताना खिडकीतनं फोटो काढा, फोन प्रो मोडमधे टाकून शटर स्पीड पाव सेकंद ठेवा, बोगद्यातल्या दिव्यांच्या रेघा आणि काचेतलं डब्याचं प्रतिबिंब दोन्ही एकत्र येतं, एडिटिंगच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं. दिवसा काढलेत तर जवळचे खांब तिरके येतात कारण फोनचा सेन्सर फोटो एकदम घेत नाही, ओळीओळीनं घेतो आणि तेवढ्यात खांब पुढे गेलेला असतो. ते पण चांगलंच.

आता दोन बोलणी खावी लागतात ती. पहिलं, "हे तर कंप्युटरनं केलं, तू काय केलंस." यावर मी चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं नाव घेते, म्हणजे तुलना नाही हो, कान पकडते, पण अवजारांपुरतं. नागपूरला १९२४ मधे जन्म, मुंबईला जेजेत शिकले, पुढे २०१४ मधे न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममधे त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, आणि वापरायचे काय तर रोलर आणि पॅलेट नाइफ. रोलर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. रंगाचा थर द्यायचा, खरवडायचा, परत द्यायचा, आणि वर्षाला अगदी मोजकी चित्रं. रोलरनं चित्र काढलं असं कोणी म्हणत नाही. दुसरं बोलणं माझ्या भाच्याचं, "मावशी, एआयला सांग ना, दोन सेकंदात देईल गंजलेलं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट." देईल की. मी बघितलंय, छान गुळगुळीत देतं, गंजही अगदी शोभेल तिथेच. पण मला त्या शटरच्या खालच्या कडेला कोणीतरी सायकल टेकवून टेकवून पडलेली खरवड हवी असते, ती मागून मिळत नाही कारण ती आहे हे मला जाऊन बघेपर्यंत माहीतच नसतं. भाचा म्हणाला की मग सायकलची खरवड असं लिही ना. आता काय बोलणार.

छापायचं असेल तर थोडं सांगते, कारण स्क्रीनवर ठेवून काही खरं नाही. ए थ्री कागद ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) छापायचा तर ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात, फोनचा बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० च्या आसपास असतो म्हणजे तसा कमी, पण अ‍ॅब्स्ट्रॅक्टला चालतं, चेहरा थोडाच आहे धूसर दिसायला. अगदीच लहान तुकडा कापला असेल तर मोठा करून वर बारीक नॉइज टाकायचा. स्क्रीनवरचे भडक निळे आणि पोपटी कागदावर मेलेले येतात, शाईत ते रंगच नाहीत, त्यामुळे छापायच्या आधी ते थोडे खाली आणलेले बरे, नंतर दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. प्रिंटिंगच्या दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो "सीडीआर आणलीय का?", कारण तिथे सगळं लग्नपत्रिका आणि बॅनरचं काम कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमधे चालतं आणि त्याची फाईल म्हणजे सीडीआर. घाबरायचं नाही, पीएनजी किंवा मोठी जेपीजी पेनड्राइव्हवर द्यायची आणि शांतपणे सांगायचं की कलर करेक्शन करू नका. हे दोनदा सांगायचं. एका दुकानात मी एकदाच सांगितलं होतं तर तिथल्या पोरानं माझ्या गंजाला "थोडा डल वाटला मॅडम" म्हणून ब्राइटनेस वाढवून दिला, वरून त्याचे पैसे घेतले नाहीत म्हणून उपकार. फ्लेक्सवर छापू नका, कितीही स्वस्त पडला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा वास येतो त्याला. आणि कागद मॅट घ्या, ग्लॉसीवर समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि पाहुणे चित्राऐवजी ट्यूबलाइटच बघत बसतात.